विम्याचा माणूस आणि त्याचं बिनपगारी काम



आज आपण विम्याच्या माणसाबद्दल बोलू. विमा एजंट म्हणून आपण त्याला ओळखतो. कुठे ते शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी असतात, कुठे पोस्टमन, कुठे बाजारातल्या दुकानदाराचा शिकलेला मुलगा. अमरावती-अकोल्याच्या गावोगाव हा माणूस कित्येक वर्षं फिरतो आहे. आधी सायकलनं, मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतला गाडीनं, मग एसटीनं आणि आता मोटारसायकलनं. त्याच्याबद्दल दोन प्रकारचं बोलणं ऐकू येतं. कुणी म्हणतं, "त्याले काय, कमिशनशी मतलब." आणि कुणी म्हणतं, "तो माणूस होता म्हणून माह्या लेकरायचं शिक्षण झालं." दोन्ही बोलणी खरी आहेत. ती दोन्ही खरी कशी, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

विमा कंपन्या यायच्या आधी आपल्या आजी-पणजीकडे विमा नव्हता का? होता, फक्त त्याला ते नाव नव्हतं. जमिनीत पेव खणून त्यात जवारी ठेवायची, हा एक विमा. बाईच्या अंगावरचा दागिना हा दुसरा. एकमेकांच्या वावरात फुकट राबायचं, म्हणजे सावड किंवा इर्जिक, हा तिसरा. आणि भिशी हा चौथा. एकाच्या घरी संकट आलं तर बाकीचे उभे राहायचे. पण या सगळ्याला एक मर्यादा होती. संकट साऱ्या गावावर एकाच वेळी आलं तर कोण कुणाला देणार? सन १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ म्हातारी माणसं 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणून सांगत. त्या साली विक्रम संवत १९५६ होतं, म्हणून ते नाव. तेव्हा पेवही रिकामं आणि शेजाऱ्याचं पेवही रिकामं. मग दागिना सावकाराकडे गेला, त्याच्यामागून वावर गेलं.

विम्याची कल्पना इथेच कामाला येते. जोखीम गावापुरती न ठेवता लाखो माणसांत वाटून द्यायची. प्रत्येकानं थोडं द्यायचं आणि ज्याच्या घरी संकट येईल त्याला त्यातून मिळायचं. ज्यांना आपण कधी पाहणारही नाही, अशा माणसांसोबत घातलेली ती मोठी भिशीच आहे. पण भिशीत समोरची बाई ओळखीची असते. इथे पैसा अनोळखी हातात जातो. म्हणून मधे एक भरवशाचा माणूस लागतो. विमा एजंटाचा जन्म या गरजेतून झाला.

आपल्या देशात पहिली आयुर्विमा कंपनी १८१८ मध्ये कलकत्त्याला निघाली. ती युरोपियन लोकांसाठी होती. पुढे या कंपन्यांनी हिंदी माणसाचा विमा घेतला तरी त्याच्याकडून जास्तीचा हप्ता घेतला जाई. १८७० मध्ये मुंबईला बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिनं हिंदी माणसाला नेहमीच्या दरानं विमा दिला. १८७४ मध्ये ओरिएंटल आली. १८८४ मध्ये टपाल खात्यानं आपल्या नोकरांसाठी विमा सुरू केला. १८९४ मध्ये खात्यातल्या स्त्री कर्मचाऱ्यांनाही तो दिला. इतर कंपन्या बाईचा विमा उतरवत नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट आहे. पुढे १९९५ पासून हाच टपाल विमा ग्रामीण लोकांसाठी खुला झाला. आज गावातलं पोस्ट विमा देतं, त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

स्वदेशीच्या काळात विमा हे देशकार्य मानलं जाऊ लागलं. आपला पैसा विलायती कंपनीकडे का जावा, असा विचार पुढे आला. साताऱ्याचे वकील अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली. मुंबई-कलकत्ता सोडून साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी विमा कंपनी उभी राहते, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पुढे १९३६ मध्ये त्यांनीच युनायटेड वेस्टर्न बँक उभी केली. विम्याचा धंदा आणि लोकांचं काम एकाच माणसानं केलं, याचं आपल्या महाराष्ट्रातलं हे मोठं उदाहरण आहे. अशा कंपन्यांचं भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास. म्हणून त्यांना गावोगाव अशी माणसं लागत, ज्यांच्या शब्दावर लोक पैसे देतील.

पण विश्वास कमावणारा एक असतो आणि पैसा हाताळणारा दुसराच. स्वातंत्र्यानंतर हे फार कडूपणानं कळलं. १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत २५ विमा कंपन्या बुडाल्या आणि आणखी २५ कंपन्यांचा कारभार इतका ढासळला की त्यांचं काम दुसऱ्यांकडे सोपवावं लागलं. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीचं प्रकरण मांडलं. विमेदारांचे दोन कोटींहून जास्त रुपये सट्ट्यात गेले होते. तो पैसा कुणाचा होता? पोटाला चिमटा घेऊन हप्ता भरणाऱ्यांचा आणि त्यांच्या मागे राहणाऱ्या बायकामुलांचा.

त्यानंतर १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख रेडिओवर बोलले आणि आयुर्विम्याचा धंदा सरकार हाती घेत असल्याचं त्यांनी देशाला सांगितलं. रेडिओवरून विम्याबद्दल बोलताना आम्हाला त्या भाषणाची आठवण येते. चिंतामणराव कोकणातले. पण त्यांची तरुणपणची नोकरी मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारात झालेली, त्यामुळे आपला मुलूख त्यांना माहीत होता. १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ, म्हणजे एलआयसी, सुरू झालं. २४५ कंपन्या आणि संस्था त्यात एक झाल्या. साताऱ्याची कंपनीही त्यात आली. त्या दिवशी मात्र चिंतामणराव मंत्रिपदावर नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलैतच राजीनामा दिला होता.

सरकारकडे गेलं म्हणजे सगळं सुरक्षित झालं, असंही घडलं नाही. वर्षभरातच महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले, आणि त्यावरून गदारोळ झाला. पुन्हा फिरोज गांधी उभे राहिले. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. कंपनी खासगी असो की सरकारी, लोकांच्या पैशावर लोकांची नजर लागतेच. बचत गटाचं रजिस्टर दर बैठकीत मोठ्यानं वाचायचं, असं आपण म्हणतो ते याचसाठी.

१९५६ हे साल आपल्यासाठी आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी १७ जूनला हिंदू वारसा कायदा लागू झाला. त्याआधी विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हयातीपुरता मर्यादित हक्क होता. या कायद्यानं तिला मिळालेली मालमत्ता पूर्णपणे तिची झाली. आणि १ नोव्हेंबरला वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं. बाईचा हक्क, विमा आणि राज्य, तिन्ही एकाच वर्षात बदललं. पण कागदावरचा बदल उंबरठ्याच्या आत यायला पुढची कित्येक वर्षं लागली.

आता आपल्या विम्याच्या माणसाकडे येऊ. त्याची कमाई कशी असते? पॉलिसी विकली की पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर त्याला मोठं कमिशन मिळतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते बरंच कमी होतं आणि पुढे आणखी कमी. विमेदार मेल्यावर दाव्याचे कागद करून दिले तर त्याचं कमिशन शून्य. म्हणजे विमा विकत घेण्याच्या दिवशी त्याचा फायदा सगळ्यात जास्त आणि विमा उपयोगी पडण्याच्या दिवशी काहीच नाही. धंद्याची रचनाच अशी आहे. म्हणून काही एजंट पहिले हप्ते घेऊन दिसेनासे होतात. कापसाला भाव मिळाला नाही की कास्तकाराचा हप्ता थांबतो. तेव्हा घरी येऊन सांगणारं कुणी नसतं की अजून सवलतीचे दिवस आहेत, किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू करता येते.

पण काही माणसं तशी नसतात. मयताच्या घरी ती तेराव्यानंतर जातात आणि पेटीतले कागद काढायला सांगतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करून घेतात, कारण उशीर झाला की शपथपत्र आणि हेलपाटे सुरू होतात. आधारवरचं नाव एक आणि पॉलिसीवरचं दुसरं, माहेरचं आणि सासरचं, यातला मेळ घालून देतात. अपघात असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मिळवतात. बाईसोबत तालुक्याला, अकोल्याला, अमरावतीला जातात. या कामाचा त्यांना पैसा मिळत नाही. दिवस मोडतो, भाडं पदरचं जातं. आयुष्यभर हे करणारा माणूस धंद्यानं विमा एजंट असतो आणि स्वभावानं समाजसेवक. गावाच्या लक्षात राहतं ते त्याचं हे बिनपगारी काम. त्यानं किती पॉलिसी विकल्या, हे कुणी मोजत नाही.

असं असूनही एक उणीव राहिली. बोलणं व्हायचं ते ओसरीवर, दोन पुरुषांत. बाई आतून चहा पाठवायची. पॉलिसी कितीची, कुणाच्या नावे, कुठे ठेवली, हे तिला बहुतेक वेळा कळायचंच नाही. आणि तिचा स्वतःचा विमा? कमाई नसलेली बाई म्हणून ती विमा कंपनीच्या शेवटच्या वर्गात बसायची आणि तिला मिळणारं संरक्षण बहुधा नवऱ्याच्या विम्याशी बांधलेलं असायचं. निंदण, डवरणीमागचं काम, कापसाची वेचणी, घर, गुरं हे सगळं करणारी बाई 'कमाई नसलेली' कशी? पण कागद तसं म्हणत होता, आणि आपणही फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात 'घरकाम' लिहीत आलो.

बाईच्या बाजूचा एक जुना कायदा मात्र होता आणि आजही आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, सन १८७४. नवऱ्यानं पॉलिसी घेतानाच ती बायको किंवा बायको-मुलांसाठी आहे असं या कायद्याखाली लिहून दिलं, तर तो पैसा त्यांचा विश्वस्त निधी होतो. नवऱ्याचे कर्जदाते त्यावर हात टाकू शकत नाहीत. नवऱ्यालाही पुढे मन बदलून ती मोडता येत नाही. कर्ज बुडवण्याच्या हेतूनं ती घेतली असं सिद्ध झालं तरच अडचण येते. आधी हिंदू, मुसलमान, शीख, जैन कुटुंबांना हे कलम सरसकट लागू नव्हतं. मद्रासकडे ते १९१३ च्या अखेरीपासून आणि ब्रिटिश हिंदुस्थानाच्या बाकी भागात १ एप्रिल १९२३ पासून लागू झालं. शंभर वर्षं झाली. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वऱ्हाडानं कास्तकारांच्या किती विधवा पाहिल्या, आणि सावकाराचा, बँकेचा तगादा त्यांच्या दारात किती लवकर येतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण पॉलिसी घेताना हा एक कागद जास्तीचा भरून घ्या, असं किती घरांत कुणी सांगितलं?

दुसरी गोष्ट नॉमिनीची. नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे पैसा आपलाच, असं आपण धरून चालतो. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा असतो. खरा हक्क वारसांचा. २०१५ मध्ये विमा कायदा बदलला. त्यानंतर आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं यांना नॉमिनी केलं तर पैशावर हक्कही त्यांचाच, असं ठरलं. म्हणून लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर अजून भावाचं नाव असेल तर ते आजच बदलून घ्या. एका अर्जाचं काम आहे.

आता वर्धा नदीच्या पलीकडे जाऊ. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सोबत्यांनी साधारण १९८० च्या सुमारास आसपासच्या गावांत आरोग्याचा विमा सुरू केला. हप्ता कशात? जवारीत. पीक घरात आलं की हप्ता द्यायचा. ज्याचं वावर मोठं त्यानं जास्त जवारी द्यायची, भूमिहीनानं थोडी. पण आजारी पडल्यावर उपचार दोघांना सारखाच. अट एक होती, गावातली ७५ टक्के घरं सामील झाली पाहिजेत. या अटीमागचा विचार साधा आहे. फक्त आजारी घरांनीच वर्गणी दिली तर फंड टिकत नाही. आणि बहुतेक गाव सामील व्हायचं तर गावाला आधी एकत्र बसावं लागतं. गावातल्याच आरोग्यसेवकानं जवारी गोळा करायची आणि आजाऱ्याला दवाखान्यात पोचवायचं. जवारीच्या पैशानं दवाखान्याचा सगळा खर्च निघत नसे. मोठा वाटा रुग्णालयच उचलत होतं. पण हक्कानं जायचं, उपकार म्हणून नाही, हे बळ त्या जवारीनं दिलं. विम्याचं काम गावातलं माणूस करू शकतं, त्याला कोटाबुटातला साहेब लागत नाही, हे वऱ्हाडाच्या शेजारीच सिद्ध झालं.

सरकारी नियमांना ही गोष्ट पुढे सुचली. २००५ मध्ये सूक्ष्म विम्याचे नियम आले आणि बचत गटही विम्याचे प्रतिनिधी होऊ शकतील असं ठरलं. २०१५ मध्ये बँक खात्याशी जोडलेल्या दोन योजना आल्या. जीवनज्योती योजनेत १८ ते ५० वयात नाव नोंदवता येतं, वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आणि मृत्यूनंतर २ लाख. सुरक्षा योजना अपघातासाठी आहे, १८ ते ७० वय, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप कापला जातो. आता आठवा, वऱ्हाडात मे अखेर खात्यात काय असतं? बियाणं, खत, मुलांची शाळा, सगळं तोंडावर आलेलं असतं. खात्यात पैसे नसले की हप्ता कापला जात नाही, विमा बंद पडतो, आणि घरच्यांना वाटत राहतं की आपला विमा आहे. साप चावला तर दवाखान्यातली तात्काळ नोंद लागते. ती नसेल तर अपघात सिद्ध होत नाही. म्हणून मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठायचा. जीव वाचण्यासाठी तर आधी तेच.

९ डिसेंबर २०२४ ला एलआयसीची विमा सखी योजना सुरू झाली. दहावी झालेल्या, १८ ते ७० वयाच्या बाया एजंट होऊ शकतात आणि पहिली तीन वर्षं अटी पाळून मानधनही मिळतं. म्हणजे ओसरीवरचं बोलणं आता चुलीपाशी येणार. याचा आम्हाला आनंद आहे. पण धंद्याची जुनी रचना तीच आहे. विकायच्या दिवशी फायदा, दाव्याच्या दिवशी शून्य. विमा सखीवरही आकडा पूर्ण करायचा ताण येईल. ती आपलीच जाऊ, नणंद, गटातली मैत्रीण असेल, मग नाही म्हणणं अवघड. म्हणून दोन गोष्टी पक्क्या ठेवू. जिला हप्ता झेपत नाही तिला ओळखीखातर पॉलिसी गळ्यात घालायची नाही. आणि पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत, पसंत नसेल तर ती परत करता येते, हे विकणारीनं स्वतःहून सांगायचं.

मग गटानं काय करायचं? ज्या कामाचं कमिशन नाही, तेच काम गटानं वाटून घ्यायचं. एक वही करा. प्रत्येक सभासदाच्या घरातल्या पॉलिसी, त्यांचे नंबर, हप्त्याची तारीख, नॉमिनीचं नाव आणि कागद कुठे ठेवला, एवढं त्यात लिहा. दोघी-तिघींनी वही सांभाळा आणि ती चारचौघांत फिरू देऊ नका. १५ मे च्या बैठकीत प्रत्येकीनं खात्यात ४५६ रुपये आहेत की नाही ते पाहा. कुणाच्या घरी मयत झालं तर दोघींनी २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करून द्या. जुना कागद सापडला तर तो फेकू नका. १० वर्षं कुणी न मागितलेले विम्याचे पैसे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, पण त्यानंतरही २५ वर्षांपर्यंत ते मागता येतात. कंपनी ऐकत नसेल तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आपल्या गावात असा जुना विम्याचा माणूस असेल, म्हातारा झालेला, ज्यानं उभी हयात लोकांचे कागद करून दिले, तर त्याला एकदा गटाच्या बैठकीला बोलवा. त्याला कोणते फॉर्म ठाऊक आहेत, कोणत्या टेबलावर काय अडतं, हे विचारून घ्या आणि लिहून ठेवा. त्याच्यानंतर ही माहिती गावात राहिली पाहिजे.

पुढच्या बोलण्यात आपण सातबारावर बाईचं नाव लावण्याबद्दल बोलू. तोवर घरातली पेटी उघडा, कागद पाहा, आणि पॉलिसीवर कुणाचं नाव आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या.